चांदी, पॉलिमर आणि मानेबाई

आमच्या स्टाफरूमचा टेबलफॅन एका एप्रिलात नाहीसा झाला. पाती मात्र राहिली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ती फिजिक्सच्या विभागप्रमुख धामणकर सरांच्या टेबलावर ठेवलेली होती. सांगलीच्या त्या उकाड्यात धामणकर सरांनी ती पुडी उघडली, पाहिली, आणि शिपायाला काही न विचारता सरळ फिजिक्सच्या लॅबकडे निघाले. चोर कोण याबद्दल कॉलेजात कुणालाच शंका नव्हती.

"मानेबाई, पंखा कुठं आहे?"

"संशोधनात, सर."

"आणि आम्ही वारा कशानं घ्यायचा?"

"पाती ठेवल्यात की टेबलावर. हलवा."

मी त्याच लॅबमध्ये उभा होतो. साताऱ्याहून येऊन केमिस्ट्रीत नुकताच लागलो होतो आणि मानेबाईंनी मागवलेली पॉलिमरच्या भुकटीची बाटली घेऊन आलो होतो. आमचा पंखा चार विटांच्या मध्ये तोंड वर करून उताणा पडला होता. जिथं पाती बसायची तिथं बाईंनी मेणानं काचेची एक पट्टी चिकटवली होती. त्यांनी त्या काचेवर ड्रॉपरनं घट्टसर द्रावाचे दोन-तीन थेंब सोडले आणि पंखा सुरू केला. काच गरगरली, जादा द्राव चहूकडे उडाला, आणि मागं उरला तो इतका पातळ थर की उजेडात धरल्यावर त्यावर मोराच्या पिसासारखे रंग खेळले. उडालेल्या द्रावापैकी बराचसा धामणकर सरांच्या पांढऱ्या शर्टावर बसला.

"काळजी नको, सर," बाई म्हणाल्या. "पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हाय. पाण्यानं जातंय."

सरांनी त्यातलं फक्त 'अल्कोहोल' ऐकलं. संध्याकाळपर्यंत मानेबाई लॅबमध्ये दारू गाळतात अशी बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली होती. प्राचार्यांनी बोलावून विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं, "सर, गाळता आली असती तर पंख्यावरनं उडवली असती व्हय?"

कुसुम माने हे त्यांचं पूर्ण नाव. पण कुसुम म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. उंच, हाडापेरानं मोठ्या, पायात टायरच्या तळाच्या वहाणा, पदर कायम खोचलेला. गाव म्हसवड, वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. लेकीला त्यांनी पुण्यात शिकवलं आणि मग लग्नाचं विचारायचं धाडस त्यांना स्वतःलाच राहिलं नाही. बाई फिजिक्स इंग्रजीत शिकवायच्या, मराठीत समजावून सांगायच्या आणि माणदेशीत शिव्या द्यायच्या. विद्यार्थ्यांना तिसरा भाग सगळ्यात चांगला कळायचा. सहकाऱ्यांना त्या नावानं कधी हाक मारत नसत. विषयानं मारत. मी 'ओ केमिस्ट्री' होतो. आमच्या शेजारी बसणारे वयस्कर गृहस्थ 'आवं संस्कृत' होते आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांची एक खोड फार प्रसिद्ध होती. कुठलीही काच हातात आली की त्या तिच्यावर हाऽऽ करून श्वास सोडायच्या. स्वच्छ काचेवर वाफ सारखी बसते, आणि कुठं बोटाचा तेलकट डाग असला तर तिथं ती फाटते. थर द्यायच्या आधी काच पारखायची ही साधी युक्ती, पण बाईंनी ती साऱ्या संसाराला लावली. हॉटेलात पाण्याचा ग्लास आला की हाऽऽ. माझा चष्मा पहिल्याच दिवशी माझ्या नाकावरून काढून हाऽऽ. एका सहकाऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून आलेला काचेचा सेट त्यांनी मांडवातच तपासला आणि वधूच्या मामाला सांगितलं, "ह्यो सेट वापरलेला हाय." मामानं स्वतःच्या लग्नात आलेला आहेर पुढं सरकवला होता. बाईंना पुढं बऱ्याच लग्नांची आमंत्रणं आली नाहीत.

त्या राहायच्या हरिपूरला, सांगलीच्या कडेला, हळदीच्या पेवांपाशी. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली, घागरीसारखी वर अरुंद आणि आत रुंद अशी कोठी. तिच्यात हळद भरून तोंड बंद करायचं, की वर्ष-दोन वर्षं माल तसाच राहतो. मात्र कुठून ओल शिरली तर सगळा सडतो. म्हणून मधूनमधून तोंड उघडून एखादा हमाल आत उतरवायचा, त्यानं मुठीत हळद घेऊन ओल सांगायची. बंद पेवात हवा मेलेली असते. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वाहनं भरायची घाई असली की कंदिलाला कोण विचारतो?

बाईंच्या खोलीला लागून शिवा नावाचा हमाल राहायचा. एका सकाळी तो असा ओल बघायला उतरला आणि वर आला तो दोरानं ओढलेला. त्याचा धाकटा भाऊ मारुती त्याच पेवावर कामाला होता. दोर त्यानंच ओढला. तिसऱ्या दिवशी मारुती पुन्हा कामावर गेला, आणि दुसऱ्या पेवात उतरला.

त्या दिवशी बाईंनी वर्गात शिकवलं नाही. लॅबमध्ये बसून राहिल्या. मी गेलो तर म्हणाल्या, "केमिस्ट्री, ओल बघायला माणूस कशाला लागतंय? डोळा लागतोय. डोळा आपुन करू."

त्यांचा डोळा असा होता. एक काचेचा त्रिकोणी प्रिझम. त्याच्या पाठीला चिकटवलेली काचपट्टी, तिच्यावर चांदीचा इतका पातळ थर की पलीकडचा माणूस निळसर दिसावा, आणि त्या चांदीवर आमच्या पंख्यानं पसरलेला पॉलिमरचा थर. ठरलेल्या कोनातून उजेड आत सोडला की चांदी त्यातला बराचसा गिळते आणि उरलेला परत पाठवते. पॉलिमर हवेतली ओल पितो, जरासा फुगतो, आणि मग चांदीचं गिळणं बदलतं. परत येणारा उजेड फोटोसेलवर पडतो, त्याची वीज होते आणि मीटरचा काटा हलतो. फोटोसेल त्यांनी एका फोटो स्टुडिओतल्या मोडक्या लाइटमीटरमधून काढला होता. नुसत्या काचेवर पॉलिमर देऊन पाहिला तर काटा हलला की नाही यावर वाद घालता येई. खाली चांदी आली आणि काटा उड्या मारू लागला.

"चांदी एकटी ठोंबी," बाई समजावून सांगायच्या, "आनि पॉलिमर एकटा बावळट. दोघांचा संसार लावून दिला की घरात काय चाललंय ते साऱ्या गल्लीला कळतंय."

चांदीचा थर द्यायला निर्वात पात्र लागतं. हवा ओढून घेणारा जुना पंप आम्ही साताऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून आणला. सुभेदार माने स्वतः आले होते. त्यांनी पंपाला कान लावला, म्हणाले, "हा दम्याचा हाय, पर फौजेत असले लय चालवलेत." तो पंप सुरू झाला की खालच्या मजल्यावर प्राचार्यांच्या टेबलावरची टाचणीसुद्धा थरथरे. शिवाय तेलाचा धूर. प्राचार्य पाहुण्यांना सांगायचे की वरती पिठाची गिरणी आहे.

आणि चांदी? आईनं लग्नासाठी करून ठेवलेले पैंजण बाईंनी सराफाकडे मोडीत घातले आणि बदल्यात शुद्ध चांदीची तार घेतली. तारेचा नखाएवढा तुकडा पात्रात तापवायचा, त्याची वाफ व्हायची आणि ती काचेवर बसायची. म्हसवडहून आई आल्या तेव्हा मी तिथंच होतो.

"कुसे, पैंजण कुठायत?"

"एकाची वाफ झाली. दुसऱ्याची चाललीय."

आईंनी काच उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "नवऱ्यानं तर काय वेगळं केलं असतं म्हना."

बाई हसल्या, पण आई गेल्यावर पुष्कळ वेळ त्यांनी पंप सुरू केला नाही.

उपकरण हातात धरता येईल इतकं झालं तेव्हा धामणकर सरांना एकाएकी ते आवडू लागलं. बाहेरून तज्ज्ञांची समिती येणार होती. तिला पटलं तर लॅबला नवं सामान मिळायचं होतं. सरांनी सूट शिवला. उपकरणावरच्या शोधनिबंधावर स्वतःचं नाव पहिलं घातलं. बाई म्हणाल्या, "दुसरं बी घाला की सर. दोन्हीकडं तुमचंच असू द्या, वाचणाऱ्याचा घोटाळा नको."

समितीचे अध्यक्ष भारदस्त होते आणि त्यांना बोलण्याची हौस होती. उपकरण उघडं टेबलावर मांडलेलं. अध्यक्ष वाकले आणि विचारू लागले, "याची अचूकता काय? हा काटा स्थिर का नाही?" ते बोलले की काटा धाडकन वर जाई. थांबले की हळूहळू खाली येई. पुन्हा त्यांनी विचारलं, "हा असा का हलतो?" पुन्हा काटा वर.

धामणकर सर घामेघूम. "बाई, काहीतरी करा."

बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि शक्य तितक्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "साहेब, काटा बरोबर आहे. आपल्या तोंडची वाफ मोजतोय. आपण गप्प बसलात तर हवेचं सांगेल."

समितीतल्या एका तरुण सदस्याला खोकल्याचा मोठा ठसका लागला आणि तो बाहेर गेला. व्हरांड्यातून त्याच्या हसण्याचा आवाज आत येत होता. अध्यक्ष गप्प बसले, काटा खाली आला आणि खालीच राहिला. उपकरणानं इतकं खरं काम याआधी कधी केलं नव्हतं. नवं सामान अर्थातच मिळालं नाही. "ज्या बाई उपकरणाची संवेदनशीलता वाढवतात," धामणकर सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "त्यांच्या स्वतःत ती काडीची नाही!" ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते पुढं वर्षभर वापरत होते.

बाईंना समितीचं काही वाटलं नाही. त्यांना पेवाची घाई होती. उपकरण त्यांनी टॉर्चच्या बल्बसकट तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवलं, आतून काळा रंग दिला, हवा शिरावी पण उजेड शिरू नये अशी भोकं पाडली, आणि वर मीटरपर्यंत येईल एवढी लांब वायर जोडली. आण्णाप्पा शेठ नावाच्या व्यापाऱ्याला त्यांनी कसंबसं तयार केलं. कसंबसं म्हणजे आठवडाभर त्याच्या गादीसमोर जाऊन बसल्या. गिऱ्हाइकं बिचकू लागली, तेव्हा तो कबूल झाला.

त्या सकाळी मीही गेलो. पेवाचं तोंड उघडलं. हमाल जमले होते, मारुती कंबरेला दोर बांधून तयार. शेठ छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले.

बाईंनी डबा आत सोडला. काटा सरकत सरकत पार टोकाला गेला.

"ओल हाय," बाई म्हणाल्या. "लय हाय."

शेठ हसले. "बाई, माझ्या वडलांपासून हे पेव कोरडं ठणठणीत हाय. तुमच्या डब्याला सर्दी झाली असंल. मारुती, उतर रं."

मारुती पुढं झाला. तेवढ्यात बाईंनी पदर खोचला आणि पेवाच्या तोंडावर चक्क मांडी ठोकून बसल्या. तोंड अरुंद, बाई ऐसपैस. हमालांना काय करावं कळेना. कॉलेजातल्या बाईला हात कोण लावणार?

"उठा, बाई," शेठ म्हणाले.

"आधी कंदील."

"तुमचा डबा सांगतोय न्हवं सगळं?"

"डबा ओल सांगतोय. जीव न्हाई सांगत. त्यो कंदीलच सांगनार. आणा."

"गाडी थांबलीया भरायची!"

"थांबू द्या. गाडीला कुठं भाऊ हाय?"

हे ऐकून मारुतीनं मान खाली घातली. मग त्यानं कंबरेचा दोर सोडला. कुणी काही न सांगता तो वखारीत गेला आणि कंदील घेऊन आला. बाई बाजूला सरकल्या. मारुतीनं कंदील हळूहळू आत सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. ज्योत थोडी आत गेली, लहान झाली, निळी झाली, आणि विझली. फुंकर घालून विझवल्यासारखी नाही. जणू तिला तिथं राहायचंच नव्हतं.

मारुती मटकन खाली बसला आणि रडू लागला. हुंदके देऊन, मोठ्यानं. भाऊ गेला तेव्हा तो रडला नव्हता असं पुढं कळलं. बाईंनी त्याच्या पाठीवर एक जोराचा धपाटा घातला. त्यांच्या मायेची तीच पद्धत होती.

पेव दिवसभर उघडं ठेवलं. उन्हं कलल्यावर कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा मारुती उतरला. एका अंगाला हळद भिजून काळी पडली होती. शेजारच्या गटाराचं पाणी मातीतून झिरपत होतं. महिनाभर तसंच राहिलं असतं तर सगळं पेव गेलं असतं. शेठनी बाकीचा माल वाचवला, बाईंना पेढे पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कॉलेजात आले. आम्हाला वाटलं, आता दहा डब्यांची मागणी येणार.

शेठनी इकडं-तिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, डबा झकास हाय. पर बाजारात गिऱ्हाइकाम्होरं लावायचा म्हटल्यावर... त्यो काटा जरा आवरता येतोय का?"

"आवरायचा म्हंजे?"

"म्हंजे ओल असली तरी लय दाखवू नये. हितं-तितं थोडी दाखवली तर चालंल."

"आवं शेठ," बाई म्हणाल्या, "काटा आवरायचा तर चांदी कशाला जाळू? त्याला तराजू हाय की तुमच्यापाशी."

शेठ पेढ्याचा रिकामा पुडा उचलून घेऊन गेले. मागणी आली नाही. दुसऱ्या व्यापाऱ्यांनीही डबा पाहिला, नावाजला आणि आपापल्या परीनं तीच विनंती केली. सगळ्यांना डोळा हवा होता, फक्त तो वेळप्रसंगी मिटणारा हवा होता.

हमालांनी मात्र वेगळंच केलं. त्यांना चांदीशी, पॉलिमरशी कर्तव्य नव्हतं. मारुतीनं आपल्या टोळीत सांगून टाकलं, बाईंचा डबा आणि कंदील एका दोरानं आत गेल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई. आण्णाप्पा शेठ ओरडले, दुसरी टोळी आणायची धमकी दिली. दुसरी टोळी आली ती मारुतीच्या मेहुण्याची निघाली, आणि तिनंही कंदील मागितला. एका पावसाळ्यात डब्यातली चांदी काळी पडली, पॉलिमर सोलून निघाला आणि काटा कायमचा झोपला. तरी हमाल तो डबा सोडतच राहिले. बाई त्यांना सांगायच्या, "आरं गड्या, डबा मेलाय, त्यो काढा." मारुती म्हणायचा, "असू द्या की, बाई. कंदिलाला सोबत."

बाईंनी नवा थर देण्याचा घाट घातला होता. पॉलिमर जास्त टिकावा म्हणून त्यात काय मिसळता येईल यावर आम्ही दोघं डोकं लावत होतो. पण त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर उन्हाळ्यात संपायची, दर जूनमध्ये पुन्हा मिळायची. त्या जूनमध्ये मिळाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि धामणकर सर माझ्याशी नजर टाळून बोलले. मी पेटलो होतो, प्राचार्यांकडे जाऊया म्हणत होतो. बाईंनी मला खाली बसवलं.

"केमिस्ट्री, तू नवा हायेस, तुला घर हाय. गप काम कर. आनि माझ्या म्हसवडात एक शाळा हाय, तिथं विज्ञानाला मास्तरच न्हाई. पोरं पाठ करत्यात, पानी म्हंजे एचटूओ. पानी तिथं बघाया मिळत न्हाई, निदान एचटूओ तरी धड कळू दे."

दुष्काळ नुकताच सरला होता. मला ते ऐकून हसू आलं नाही. त्यांना आलं.

त्यानंतर काही वर्षांनी, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून मी म्हसवडला गेलो. बाई मुख्याध्यापिका झाल्या होत्या. केस पांढरे, आवाज तोच. मी परीक्षक असूनही त्यांनीच मला निकाल सांगितला आणि मला तो पटला. चहा झाला. चालू काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पंखा न्हाई शाळंत. असता तर काढला असता."

संध्याकाळच्या बसला पोचवायला त्या स्टँडवर आल्या. मी खिडकीशी बसलो. बस सुटणार तोच एक माणूस सायकलवरून रस्त्यानं निघाला. मागं कॅरिअरवर शाळेच्या पोशाखातली आठवी-नववीतली मुलगी, मांडीवर दप्तर. बाईंनी तिला पाहिलं आणि माझा निरोप अर्धा टाकून रस्त्यात उतरल्या. सायकलचं हँडल धरलं.

"कुठं चालवलीस रं हिला?"

"आवं बाई, घरला. लेकीला बघाया उद्या पाव्हणं यायचंत."

"उद्या गनिताचा पेपर हाय."

"पाव्हणं फलटनचं हायती, बाई. थांबायचं न्हाईत."

"मग जाऊ देत फलटनला."

तो काहीतरी विनवत होता, एक पाय जमिनीला टेकवून, सायकल पुढं रेटत होता. बाई हँडल सोडत नव्हत्या. मागच्या मुलीनं दप्तर छातीशी धरलं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, बाईंनी त्याच्याकडे न बघता दुसऱ्या हातानं बाजूनं जायची खूण केली. बस त्यांना वळसा घालून पुढं निघाली. मी खिडकीतून मान बाहेर काढून मागं पाहत राहिलो. बोलणं ऐकू येत नव्हतं, धुरळा उडाला होता, बाईंचा खोचलेला पदर तेवढा दिसत होता.

बस वळणाला लागली तेव्हा तो माणूस सायकलवरून खाली उतरला होता.